मामांना विचारलेला प्रश्न

लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा मला तमिळ येत नव्हतं, आणि नोकरी मिळाली ती त्यामुळेच. नवरा शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. मी कोल्हापूरला मानसशास्त्रात एम.ए. करून घरी बसलेली. एग्मोरजवळच्या एका रुग्णालयात मानसोपचार विभागाचा एक अभ्यास चालू होता. जीव द्यायचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं, आणि त्यांना तिथवर काय घेऊन आलं ते समजून घ्यायचं. मुलाखती तमिळमध्ये होत, त्या घ्यायला दोन समाजसेविका होत्या. मी माणसांसमोर बसून उपयोग नव्हता, पण फॉर्म इंग्रजीत भरलेले असत. ते संगणकावर चढवायला त्यांना कोणीतरी हवं होतं. ओळख पटेल असं एखादं नाव चुकून फॉर्मवर राहिलंच, तर शहरात कोणालाच न ओळखणारी बाई त्या कामाला बरी, असंही त्यांना वाटलं असणार.

फॉर्म लांबलचक होता. झोप कशी लागते, भूक लागते का, दारू किती, घरात भांडणं होतात का, अलीकडे जवळचं कोणी गेलं का, एखादा आजार जडला का, पूर्वी कधी असा प्रयत्न केला होता का. मग मनात काय वाटतं त्याबद्दलचे प्रश्न. आपण दुसऱ्यांना ओझं झालोय असं वाटतं का? पुढे काही चांगलं घडणारच नाही असं वाटतं का? प्रत्येक उत्तराला एक आकडा, शून्य ते तीन. शून्य म्हणजे कधीच नाही, तीन म्हणजे सतत. मी दिवसभर ते आकडे भरत असे.

दोन-तीन महिन्यांत ते आकडे माझ्याबरोबर घरी येऊ लागले. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलेली बाई दिसली की मी मनातल्या मनात तिचा फॉर्म भरायची. नवऱ्याच्या ऑफिसात काहीतरी अडलं होतं, तो आठवडाभर नीट झोपला नव्हता, तर मी त्याला सकाळ-संध्याकाळ विचारत सुटले. भूक लागते का? कशात मन लागतं का? एका रविवारी तो वैतागून म्हणाला, "मला इडली वाढ. माझा फॉर्म भरू नकोस."

आमच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. कडक इस्त्रीची सुती साडी, टेबलावर कॉफीचा थर्मास, आणि बोलणं अगदी मोजकं. एका दुपारी धीर करून मी त्यांना सांगितलं की मला आता सगळीकडे तेच दिसतं, मला भीती वाटते.

आम्ही इंग्रजीत बोलायचो. त्या म्हणाल्या, "हा फॉर्म कोण मरणार हे सांगत नाही. ज्यांचे सगळे आकडे तीन आहेत अशी पुष्कळ माणसं जगतात. कोणाशेजारी जाऊन बसायला हवं, एवढंच त्यातून कळतं. पुढचं विचारल्याशिवाय कळत नाही."

"पण विचारल्यामुळेच त्यांच्या डोक्यात आलं तर?"

"ज्याच्या डोक्यात नाही तो तुला वेडी म्हणेल. ज्याच्या डोक्यात आहे त्याला सुटल्यासारखं वाटेल. विचारल्यामुळे कोणी मरत नाही."

मी मान डोलावली. पण माझ्यावर कोणाला विचारायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं. माझं काम संगणकावरचं.

आम्ही अड्यारला एका जुन्या बैठ्या घराच्या वर बांधलेल्या दोन खोल्यांत राहत होतो. खाली घरमालक एकटेच असत. तंजावरकडचं मराठी घराणं, कित्येक पिढ्यांचं. सत्तरीच्या पुढचे, उंच, कपाळावर बारीक गंध. गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. पूर्वी ते एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. त्यांची मराठी ऐकताना पहिले काही दिवस मला जुना कागद वाचल्यासारखं वाटायचं, तोही तमिळ हेलात. 'विचारतो' म्हणायला ते 'पुसतो' म्हणत, 'मला'ऐवजी 'मज'. आणि माझी मराठी त्यांना झेपत नसे. "बहुत वेगाने बोलतेस, अम्मा," ते म्हणायचे, "जरा सावकाश. मज कळले पाहिजे ना?"

मामी आदल्या वर्षी गेल्या होत्या. मी त्यांना पाहिलं नव्हतं. आम्ही राहायला आलो तेव्हा मामा दुःखात होते, पण त्यांचा दिवस रेखलेला असे. सकाळी पेपर, दुपारी रेडिओ, संध्याकाळी बेसंटनगरच्या समुद्रापर्यंत चालत जाणं. रविवारी बंगळुरूहून मुलीचा फोन. कधी मधूनच ते स्टीलच्या वाटीत डांगर पच्चडी घेऊन जिन्याखालून हाक मारत. उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली ती पच्चडी मामींकडून शिकलो, असं दर वेळी सांगत.

मग त्यांची नजर जाऊ लागली. काचबिंदू होता, उशिरा कळला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची, एवढंच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी पेपर बंद झाला. मग समुद्रावर जाणं. "वाळूत खड्डा दिसत नाही," म्हणाले. मग पच्चडीची वाटी यायची थांबली. मी विचारलं तर म्हणाले, "एकल्या माणसास काय करायचे?"

मुलगी त्यांना बंगळुरूला न्यायच्या मागे होती. एकदा फोन ठेवल्यावर मी समोर होते, तर ते माझ्याकडे न बघता बोलले, "तिचे घर दोन खोल्यांचे. ती दोघे कामावर जातात. मी तेथे जाऊन कोपऱ्यात बसू? कोणी हात धरून न्यायचे, कोणी ताट मांडायचे. तिच्या मानेवर जाऊन बसायचे, एवढेच ना?"

माझ्या डोक्यात आपोआप आकडा उमटला. तीन.

मी स्वतःला गप्प केलं. म्हातारपण आहे, बायको गेली आहे, डोळे जात आहेत, माणूस असं बोलणारच. शनिवारी दुपारी मी घरी असे तेव्हा खालून त्यांच्या येरझारा ऐकू येत. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. बाहेरून येणारा जेवणाचा डबा तसाच परत जातो, असं त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईने मला हातवारे करून सांगितलं. झोप लागते का, असं मी त्यांना एकदा विचारलं. "लागेल तेव्हा लागेल," म्हणाले. पुढे विचारायचं धाडस झालं नाही. ते वडिलांपेक्षा मोठे, आणि मी वरच्या मजल्यावरची भाडेकरीण.

मग एका गुरुवारी सकाळी मी कामावर निघाले, तर मामा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. दाढी केलेली, नेसलेली पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, इस्त्रीची, चेहरा अगदी निवांत. कित्येक आठवड्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"अम्मा, ये," ते म्हणाले, "हे तू घे."

निळ्या मखमलीच्या अस्तराची एक पेटी होती. आत नकाशे काढायची हत्यारं, कंपास, दुभाजक, शाईच्या रेघा ओढायचे पेन. सगळं पुसून लख्ख केलेलं.

"मामा, हे तुमचं आहे. मी काय करू ह्याचं?"

"मज आता ह्याचे काम नाही. तू शिकलेली. तुजकडे नीट राहील."

मी पेटी वर ठेवून आले आणि बस पकडली. बसमध्ये मला चक्क बरं वाटत होतं. मामा सुधारले. सावरले एकदाचे. अण्णा सालईवर बस तुंबली तरी मी चिडले नाही.

विभागात जाऊन मी पहिला फॉर्म उघडला. शेवटच्या पानावर घरच्यांनी सांगितलेलं लिहायला मोकळी जागा असे. एका माणसाच्या बायकोने सांगितलेलं समाजसेविकेने तिथे उतरवलं होतं. त्या प्रयत्नाआधीचे दोन दिवस तो फार शांत होता. सगळ्यांशी नीट बोलला. आपली घड्याळं भावांना वाटली. आम्हाला वाटलं, आता बरा झाला.

मी ते दोनदा वाचलं. उठून कोपऱ्यातल्या फोनवरून मामांच्या घरचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. फोन त्यांच्या खुर्चीशेजारीच असे, तिसऱ्या घंटेच्या आत ते उचलत.

मी मॅडमच्या खोलीत गेले. काय बोलले ते नीट आठवत नाही. नजर गेली, बायको गेली, ओझं वाटतं, जेवत नाहीत, आणि आज पेटी, असं एका दमात सांगितलं असणार. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"तू विचारलंस का?"

"नाही."

"मग जा आणि विचार. सरळ विचार. 'काही वाईट विचार येतात का' असलं गुळमुळीत नको. त्यावर माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो. त्यांच्या भाषेत विचार. हो म्हणाले तर कधी, कसं, घरात काय ठेवलंय, तेही विचार. ते त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. त्यांना एकटं सोडू नकोस आणि इकडे घेऊन ये. मी थांबते."

मी रिक्षा केली. एग्मोर ते अड्यार इतकं लांब मला कधीच वाटलं नव्हतं. प्रत्येक सिग्नलला माझा पाय आपोआप दाबला जात होता. आणि त्यातच मला कळलं की हा प्रश्न मला मराठीत विचारता येत नाही. इंग्रजीत तो मी शेकडो वेळा वाचला होता. मराठीत काय म्हणायचं? 'आत्महत्या' हा पेपरातला शब्द. आमच्या घरात कोणी म्हटलंच तर 'बरंवाईट' म्हणायचे, आणि तेही आवाज खाली आणून. आई तर तेवढंही म्हणायची नाही, नुसती मान हलवायची. मी रिक्षात बसून ओठातल्या ओठात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य उद्धट वाटत होतं. मामा, तुम्ही... मामा, तुमच्या मनात... रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

फाटकाशी उतरले तेव्हा भर दुपार होती. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी. दार लावलेलं. मी बेल दाबली. आत वाजल्याचं ऐकू आलं, पण कोणी आलं नाही. पुन्हा दाबली. दारावर थापा मारल्या. खिडकीतून पाहिलं तर खोली नीटनेटकी, पलंगावर चादर ताणून घातलेली. मी "मामा! मामा!" अशी ओरडत घराला वळसा घालून मागे धावले.

मामा मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी उभे होते. हात ओले. तुळशीची कुंडी उचलून शेजारणीच्या भिंतीवर ठेवायचा प्रयत्न करत होते.

"काय झाले?" ते दचकून म्हणाले. "आज कचेरी नाही काय?"

मी त्यांच्या हातातून कुंडी घेऊन खाली ठेवली. "तुळस कुठे चाललीय?"

"शेजारी देतो. पाणी घालायला कोणी पाहिजे ना?"

"तुम्ही घालता ना पाणी."

त्यांनी ओले हात वेष्टीला पुसले. मी दगडावर बसले. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मग जे तोंडात आलं ते बोलले, सावकाश, त्यांना कळेल असं.

"मामा, मी एक पुसते. रागावू नका. तुम्ही जीव द्यायचं ठरवलंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने. वरच्या गच्चीवर कावळे ओरडत होते. मला वाटलं, आता ते मला घर सोडायला सांगतील.

"होय," ते म्हणाले.

मग ते माझ्या शेजारी बसले.

"केव्हा?"

"आदित्यवारी तिचा फोन येतो. तो येऊन गेला की." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तिच्याशी एकदा बोलावे, असे वाटले."

मला रडू यायला लागलं होतं. पण मॅडमनी सांगितलेलं अजून संपलं नव्हतं. कसं, ते विचारलं. घरात काय ठेवलंय, ते विचारलं. त्यांनी उत्तरं दिली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं इतक्या साध्या आवाजात. ते काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. आम्ही दोघं आत गेलो, त्यांनी कपाट उघडलं आणि ती वस्तू माझ्या हातात दिली. मी नवऱ्याला फोन केला. तो शोळिंगनल्लूरहून ऑफिस टाकून आला आणि काही न विचारता ती घेऊन गेला.

तो येईपर्यंत मामा बोलत होते. विशीत असताना एकदा असंच झालं होतं, परीक्षेत नापास झाल्यावर. वडिलांनी दाबून टाकलं. फक्त मामींना ठाऊक होतं. "ती पुसायची," ते म्हणाले. "वर्षातून एकदा तरी पुसायची, आत कसे आहे म्हणून. ती गेल्यापासून सगळे पुसतात, जेवलात काय, गोळी घेतली काय. हे कोणी पुसले नाही."

रुग्णालयात यायला ते तयार नव्हते. "मी वेडा नाही, अम्मा. ह्या गल्लीत मज सगळे ओळखतात."

"वेडे कोण म्हणतंय? मी रोज जिथे जाते तिथे यायचंय. मॅडम थांबल्यात."

"त्यांना ठाऊक आहे काय?"

"हो. मी सांगितलं. मला एकटीला झेपलं नसतं."

हे ऐकून ते उठले आणि शर्ट बदलायला गेले. मी दाराबाहेर उभी राहून त्यांच्याशी मोठ्याने बोलत राहिले, दार पूर्ण लावू दिलं नाही. त्यांनी ते चालवून घेतलं.

मॅडम त्यांच्याशी दीड तास तमिळमध्ये बोलल्या. मी तेवढ्यात कोपऱ्यातल्या फोनवरून मुलीला फोन केला. तिला इंग्रजी मराठीपेक्षा सोपं जात असे. आधी तिला कळेना, आणि कळलं तेव्हा ती माझ्यावर भडकली. "माझ्या वडिलांना असलं विचारायची तुमची हिंमत कशी झाली? ते धार्मिक आहेत. ते असं कधी..." मी म्हटलं, ते हो म्हणाले. रात्रीच्या गाडीने ती निघाली. सकाळी ती विभागात आली तेव्हा केससुद्धा विंचरलेले नव्हते. मामांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "एवढी का सुकलीस?"

औषधं सुरू झाली. सुरुवातीचे दिवस ते रुग्णालयातच राहिले, मग मुलीने रजा घेतली. मी पेटी परत नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली, त्यांनी नको म्हटलं नाही. पण हे सगळं सरळ चढत गेलं असं नाही. मी तर आधीपेक्षा घाबरट झाले. खाली येरझारा सुरू झाल्या की कान टवकारायचे, येरझारा थांबल्या की जास्तच टवकारायचे. काहीतरी निमित्त काढून दिवसातून चारदा खाली जायचे. नवरा म्हणाला, तू पहारेकरी झालीस. मॅडमनीच मला त्यातून काढलं. त्यांनी मामांसमोरच सगळं वाटून दिलं. मुलीने रोज फोन करायचा. मामांच्या कचेरीतल्या एका जुन्या मित्राने दोन दिवसांआड कॉफीला यायचं. मी फक्त संध्याकाळी अर्धा तास बसायचं. आणि मामांनी पुन्हा आत तसं वाटू लागलं तर ह्या तिघांपैकी कोणालाही सांगायचं. "मी काय लहान लेकरू?" मामा कुरकुरले. पण त्यांनी कबूल केलं.

दोन महिन्यांनी ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "अम्मा, पुन्हा आले आहे." त्या वेळी मला विचारावं लागलं नाही. आम्ही रिक्षाने गेलो, औषध बदललं. जाताना मला त्या दिवसासारखीच भीती वाटत होती, पण ते बोलले होते.

त्या संध्याकाळच्या अर्ध्या तासांत ते मला तमिळ शिकवू लागले. तो प्रश्न तमिळमध्ये कसा विचारायचा, तेही त्यांनीच शिकवलं. माझे उच्चार ऐकून हसायचे. "असे पुसलेस तर माणूस हसून हसूनच बरा होईल," म्हणाले. वर्षभराने मी विभागात मुलाखती घेऊ लागले.

पण ह्यात मोठेपणा वाटावा असं काही नाही, कारण त्याच काळात आम्ही विभागात येणाऱ्या एका शिक्षिकेला गमावलं. तिचा फॉर्म मीच भरला होता. जवळपास सगळे शून्य. हसतमुख, पुन्हा शाळेत जायला लागलेली. मॅडमनी तो फॉर्म कपाटातून काढून टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघी-चौघी त्याच्याकडे बघत बसलो. थर्मास उघडलाच नाही त्या दिवशी.

आम्ही पुण्याला राहायला गेलो तोपर्यंत मामा वर्षातले सहा महिने बंगळुरूला राहू लागले होते. तिथे कोणीतरी त्यांना पांढरी काठी घेऊन चालायला शिकवलं. आणखी काही वर्षं ते जगले. गेले ते हृदयाच्या आजाराने, मुलगी जवळ असताना. तिने फोन करून सांगितलं. शेवटी शेवटी फार हट्टी झाले होते म्हणाली, काठीने फुटपाथवरच्या मोटारसायकलींना टोले मारायचे.

आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला भीती नव्हती वाटली?"

"वाटली. अजून वाटते. दर वेळी."

"माझ्या ऑफिसात एक मैत्रीण आहे," ती म्हणाली. "हल्ली ती... मला कळत नाही कशी सुरुवात करू."

मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले. "सांग," म्हटलं. "काय काय दिसलं तुला?"